कुत्र्याच्या वाट्याचा बोंबील

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी येतं. नकाशा उघडा, झरीवर बोट ठेवा आणि तिथून सरळ पश्चिमेला रेघ ओढत न्या. मराठवाडा मागे टाकून, अहिल्यानगर जिल्हा आणि सह्याद्री ओलांडून ती रेघ साधारण ४०० किलोमीटरवर समुद्राला मिळते, तीही नेमकी वसई-अर्नाळ्याच्या आसपास, जिथे कोळीवाड्यांत पिढ्यानपिढ्या बोंबील वाळतो. झरीच्या पंचक्रोशीत समुद्र न पाहिलेली म्हातारी माणसं कितीतरी सापडतील, पण सुकट-बोंबील न चाखलेलं घर, निदान मांस-मच्छी चालणारं, सापडायचं नाही. आठवडी बाजाराच्या कडेला सुकटवालीनं गोणपाट पसरलं की गावाला ते वासानंच कळतं. माणसांच्याही आधी कुत्र्यांना कळतं.

आणि मग घरोघरी तोच प्रसंग. तव्यावर सुकट परततेय, भाकरी थापली जातेय आणि उंबऱ्याबाहेर मोत्या शेपटीनं अंगण झाडतोय. डोळ्यांत अशी काही आर्जवं की दगडालाही पाझर फुटावा. टाकावा का त्याला तुकडा? कुणी म्हणतं, कुत्र्याला काय होतंय, ते काहीही पचवतं. कुणी म्हणतं, नको, खारटानं केस गळतात. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. खरं उत्तर शोधत गेलं की वाट आधी खोल समुद्रात जाते, मग थेट दक्षिण ध्रुवाकडे, आणि शेवटी आपल्याच चुलीपाशी येऊन थांबते.

सुरुवात वासापासूनच करू. वाळलेल्या बोंबलाचा वास अख्ख्या गल्लीत फिरतो, पण येलदरी धरणातला रोहू किंवा मरळ घरात आली तर शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. असं का? समुद्राचं पाणी खारट. खारट पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं. ते राखून ठेवायला सागरी मासे पेशींमध्ये एक रसायन साठवतात, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. खोल पाण्याच्या प्रचंड दाबाखाली प्रथिनांची घडी मोडू नये हे कामही तेच करतं, म्हणून जितका मासा खोलातला तितका त्याचा साठा मोठा. मासा मेला की जिवाणू त्या रसायनातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ते ट्रायमिथाइलअमाइन. ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो, तो मुख्यतः हाच. गोड्या पाण्यातल्या माशाला खारटाशी झगडायचंच नसतं, म्हणून त्याच्या अंगात हा साठा नावापुरता. झरीच्या बाजारात कुत्र्याच्या नाकाला जे झोंबतं, ते त्या माशानं समुद्रात तग धरण्यासाठी जमवलेलं सामान आहे! वास कितीही उग्र असो, तेवढ्यावरून बोंबील वाईट ठरत नाही.

आता वाळवण. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ ९० टक्के पाणीच. हातात धरला तर लिबलिबीत, बोटांतून निसटणारा. कोळीवाड्यात बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. बोंबलाचे दात बारीक, आत वळलेले; एकदा अडकला की वारा कितीही सुटो, जोडी सुटत नाही. ना चिमटा, ना गाठ. मीठसुद्धा लावायचं नाही. ऊन आणि वारा पाणी ओढून घेतात आणि काही दिवसांत लिबलिबीत मासा काडीसारखा कडक होतो. शंभर ग्रॅम वाळलेल्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. जवळ्याचंही तसंच: चटईवर किंवा जमिनीवर पसरायचा, उन्हानं वाळला की सुकट तयार.

पाणी गेलं म्हणून मासा टिकतो, हे कुणीही सांगेल. मौज पुढे आहे. अन्नात किती पाणी आहे यापेक्षा जंतूंच्या हाती लागण्याजोगं किती आहे, ते महत्त्वाचं. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक अशा मापात मोजतात. ताज्या माशात ते ०.९९ च्या घरात असतं. ०.९१ च्या खाली गेलं की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. स्टॅफिलोकॉकससारखा चिवट गडी ०.८६ पर्यंत तग धरतो. बुरशी मात्र ०.७ च्या आसपासही हातपाय पसरते. म्हणजे सादळलेल्या बोंबलावर जिवाणूंच्या आधी बुरशी येणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, कुत्र्याच्या हिशेबात ती पुन्हा येणार आहे.

असा बिनमिठाचा वाळलेला मासा कुत्र्याला चालतो का? जगाच्या उत्तर टोकाला हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. कामचाटकात वाळवलेल्या सामन माशाला युकोला म्हणतात आणि घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचं ते शतकानुशतकांचं हिवाळी अन्न. अलास्कात सामनची एक जात कुत्र्यांसाठी इतकी वाळवली गेली की तिला लोक ‘कुत्र्याचा सामन’ म्हणूनच ओळखतात. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर कॉड मासा अगदी आपल्या बोंबलासारखा, मीठ न लावता, जोडी-जोडीनं लाकडी मांडवांवर टांगतात. फक्त तिथे जबड्याऐवजी शेपट्या बांधतात आणि उन्हाचं काम थंड वारा करतो. वसईचा कोळी आणि लोफोतेनचा दर्यावर्दी एकमेकांना न विचारता एकाच युक्तीपाशी पोहोचले, याचं मला फार नवल वाटतं.

पण याच लोफोतेनच्या पद्धतीच्या माशानं कुत्र्यांचा एक अख्खा ताफा मारला, असंही म्हणतात. २ नोव्हेंबर १९०२ रोजी ब्रिटिश कप्तान रॉबर्ट स्कॉट, अर्नेस्ट शॅकल्टन आणि एडवर्ड विल्सन अंटार्क्टिकात दक्षिणेकडे निघाले. सोबत १९ कुत्री. कुत्र्यांच्या शिध्याला नॉर्वेचा वाळवलेला कॉड. ३० डिसेंबरला ते ८२ अंश १७ मिनिटं दक्षिणेपर्यंत पोहोचले, तोवर कुणीही इतक्या दक्षिणेला गेलेलं नव्हतं. पण काही आठवड्यांतच कुत्री खंगायला लागली होती. एकेक करून कोसळली, अशक्त कुत्र्याला मारून बाकीच्यांना खाऊ घालायची वेळ आली आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये तिघं तळावर परतले तेव्हा सोबत एकही कुत्रं नव्हतं. स्कॉटनं नंतर लिहिलं की इंग्लंडहून येताना जहाज उष्ण कटिबंधातून गेलं तेव्हा तो मासा बिघडला असावा. टीकाकार यात उपासमार, अतिश्रम आणि कुत्री हाकण्याचा अननुभवही मोजतात, आणि त्यांचंही खरं असावं. तरी दमट उष्ण हवेतून गेलेला वाळवलेला मासा ही पहिली शंका आली, ते उगाच नव्हे.

आता याच्या शेजारी नॉर्वेच्या रोआल आमुंडसेन या शोधप्रवाशाला ठेवून पाहा. १९१० साली त्याचं ‘फ्राम’ जहाज ९७ कुत्री घेऊन निघालं. तोच उष्ण कटिबंध ओलांडला. डेकवरच्या कुत्र्यांना तोही वाळवलेला मासाच घालत होता; आठवड्यातून काही दिवस माशाचे तुकडे, चरबी आणि मक्याचं पीठ एकत्र शिजवून त्याची लापशी करायचा. १९११ च्या जानेवारीत अंटार्क्टिकाला पोचला तेव्हा कुत्री होती ११६! वाटेत पिल्लं झाली होती. मासा नॉर्वेचा, कटिबंध तोच. एका ताफ्याची वाताहत झाली, दुसऱ्याचा वंश वाढला. मासळीबरोबर मक्याचं पीठ शिजवणारा आमुंडसेन झरीत आला असता तर सुकट आणि ज्वारीची भाकरी पाहून त्याला वेगळं काही वाटलं नसतं. कुत्र्याला भाकरी पचते कशी, हेही एक नवलच. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या शेतीजवळ राहून कुत्र्यानं भाकरी पचवायची कला रक्तातच उतरवली.

तर मग झरीचा धोका कुठे? पहिला, पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, म्हणून उन्हाळ्यातच सुकटीची बेगमी करायची ही जुनी रीत. आखाडात तो डबा उघडला जातो. हवा दमट, सुकट सादळलेली, कधी पांढरट-हिरवट लव आलेली, कधी किडा लागलेला. घरातली बाई वास घेते, नाक मुरडते आणि म्हणते, टाक कुत्र्याला. नेमकं हेच करू नये. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते शिजवूनही जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्यापुढे फार हळवं असतं. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत बुरशी लागलेल्या मक्यापासून बनलेल्या कुत्र्यांच्या खाद्यानं शंभराच्या आसपास कुत्री दगावली होती. खरं तर सुकटीपेक्षा मला भीती वाटते ती बुरशी आलेल्या भाकरीची आणि शेंगदाण्याची. धान्यावर आणि शेंगांवर हे विष अधिक होतं. आपल्या तोंडात न जाणारं ते कुत्र्याच्या तोंडात, हा हिशेब कुठून आला कोण जाणे.

दुसरा धोका मिठाचा. बोंबील-जवळा बिनमिठाचे, पण बाजारात त्यांच्याच शेजारी खारवलेला बांगडा असतो, मोठ्या माशांचे मीठ लावलेले तुकडे असतात. खाऱ्या मासळीत मिठाचं प्रमाण सहज १५ ते २० टक्के भरतं. गावातल्या साधारण १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा ग्रॅम मीठ पुरतं. दहा ग्रॅमचा खारा तुकडा म्हणजे दीड-दोन ग्रॅम मीठ, तीन-चार दिवसांचा रतीब. तरी एका तुकड्यानं धडधाकट कुत्रं आजारी पडत नाही. प्यायला भरपूर पाणी असेल तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. विषबाधा दिसू लागते ती किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात गेलं तर, आणि चार ग्रॅमपाशी जीव जाऊ शकतो. १५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे ३० ग्रॅम मिठापासून धोका, तेवढं मीठ दीड-दोनशे ग्रॅम खाऱ्या मासळीत असतं. तुकडा टाकणाऱ्यानं घाबरू नये, पण डब्याचं झाकण उघडं ठेवणाऱ्यानं घाबरावं. पिल्लाच्या किंवा छोट्या जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत हे आकडे झपाट्यानं खाली येतात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याला तर खारा तुकडासुद्धा नको.

आणि परभणीचा उन्हाळा या हिशेबात धरावाच लागतो. मे महिन्यात रानात राबणाऱ्या माणसाच्या घामावाटे मीठ जातं, म्हणून त्याला दुपारी भाकरीसोबत खारट तुकडा गोड लागतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतच ते अंग निववतं. त्यात पाणी जातं, मीठ आतच राहतं. म्हणजे ज्या उन्हात मालकाला मिठाची गरज, त्याच उन्हात शेतातल्या आखाड्यावर बांधलेल्या कुत्र्याला ते घातक, विशेषतः पाण्याचं भांडं कोरडं असेल तर. मीठ रक्तात चढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आधी उलट्या आणि भयंकर तहान, मग झोकांड्या, मग झटके. अशा वेळी घागरभर पाणी एकदम पाजणंही धोक्याचं, कारण आक्रसलेला मेंदू सुजतो. थोडं-थोडं पाणी द्यायचं आणि तडक डॉक्टरांकडे न्यायचं. याच जोडीला एक गावठी उपाय सांगायला हवा, जो करू नये: कुत्र्यानं काही विषारी खाल्लं की ओकारी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजतात. त्या पाण्यानंच कुत्री मेल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत.

पण या सगळ्यांहून मोठा धोका मासळीत नाहीच. तो तव्यावर आहे.

सुकटीची चटणी कशी होते ते डोळ्यांसमोर आणा. तव्यावर सुकट कोरडीच भाजून बाजूला काढली. मग तेल, ठेचलेला लसूण, आणि कांदा. सुकट वाटीभर तर कांदा दोन वाट्या. कांदा तांबूस झाला की तिखट, काळा मसाला, मग सुकट. बोंबलाचं कालवण असो की कोकणातली सोड्यांची कांद्यातली भाजी, कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही. गोव्यातलं पारा हे खाऱ्या मासळीचं लोणचं तर लसूण, मिरची आणि व्हिनेगरात मुरवलेलं. आणि कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे. कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेला, कसाही.

कारण कांद्यातली गंधकाची संयुगं. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनवर गंधकाचे काही हळवे अणुगट उघडे असतात. माणसाच्या हिमोग्लोबिनवर असे दोन, तर कुत्र्याच्या हिमोग्लोबिनवर चार. कांद्याची संयुगं तिथेच घाव घालतात. हिमोग्लोबिन साकळून त्याचे गोळे होतात आणि ते तांबड्या पेशीच्या कडेला पुटकुळीसारखे चिकटतात. त्यांना हाइन्झ पिंड म्हणतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. शरीर अशा पेशींना बिघडलेल्या समजून मोडीत काढतं आणि कुत्र्याच्या अंगातलं रक्तच कमी होत जातं. मात्रा किती? कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर बाधा होऊ शकते. १५ किलोच्या मोत्याला ७५ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. लसूण वजनाला त्याहून कितीतरी जालीम.

याची खोड अशी की हे लगेच दिसत नाही. रविवारी चटणी खाल्लेलं कुत्रं सोमवारी धडधाकट असतं. दोन-चार दिवसांनी सुस्तावतं, अन्नावरची वासना जाते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. तोवर रविवारची चटणी कुणाच्या लक्षातही नसते. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. रोज थोडं-थोडं उष्टं घातलं तरी नुकसान साचत जातं. कांदा वेचून काढून उरलेला रस्सा भाकरीवर ओतला, हाही उपाय नाही. संयुगं रश्श्यात उतरलेली असतात.

कच्च्या माशाचं प्रकरण वेगळंच. १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात चॅस्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर पाळलेले चंदेरी कोल्हे लुळे पडून मरू लागले. त्यांना कच्चा कार्प मासा घातला जात होता. पुढे उलगडलं की कार्पसारख्या माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला. रोहू-कटलाही कार्पच्याच घराण्यातले. म्हणून धरणावरून आलेल्या माशांची मुंडकी आणि आतडी कच्चीच कुत्र्यापुढे टाकायची सवय बरी नाही, निदान रोजची तरी. उकळलं की हे विकर मरतं, संपला प्रश्न.

काट्यांचं थोडक्यात. बोंबलाचा काटा मऊ, तो फारसा नडत नाही. वाळलेली वाकटी आणि मोठ्या माशांचे मणके मात्र सुईसारखे टोचतात. ते घशात किंवा आतड्यात रुतले तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

एवढं सगळं जमेस धरून माझा निवाडा असा. चांगला वाळलेला, बिनमिठाचा, बुरशी नसलेला बोंबील किंवा सुकट कुत्र्याला अधूनमधून घालायला हरकत नाही. फोडणी पडण्याआधीच त्याचा वाटा बाजूला काढायचा. कोमट पाण्यात भिजवायचा. त्यात वाळू बसते आणि असेल-नसेल ते मीठ उतरतं. ते पाणी फेकून नव्या पाण्यात उकळायचा, काटा चाचपायचा, आणि चिमूटभर तो भाकरीच्या काल्यात कुस्करायचा. खारवलेला मासा, लोणचं आणि कांद्या-लसणाचं कालवण यांतलं काहीही त्याच्या ताटलीत जाऊ द्यायचं नाही. चोरून खाल्लंच तर काय खाल्लं, किती आणि कधी, हे लिहून ठेवा आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला गाठा. झरीकरांना त्यासाठी फार लांब जायला नको. परभणीत पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय आहे, आणि ते ज्या विद्यापीठाचं, त्या नागपूरच्या विद्यापीठाचं नाव आहे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ.